हात धरण्याचा प्रश्न

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते स्पर्श हे सर्व प्राण्यांचं मूळ इंद्रिय. आज त्याच स्पर्शाबद्दल बोलू. एचआयव्ही असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि तो पुष्कळदा तरुणपणीच येतो. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांचा दाह दीर्घकाळ चालू राहतो. कधी क्षयाचा मेंदूज्वरही कारण ठरतो.

मग लुळा हात पुन्हा शिकतो कसा? मेंदूचा शाबूत भाग हळूहळू ते काम उचलतो. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि सुरुवातीला बहुधा दुसऱ्याच्या हाताच्या आधारानं. एचआयव्हीची औषधंही चालूच हवीत. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

आता खरा अडसर बघा. हात धरल्यानं, चालवल्यानं, भरवल्यानं एचआयव्ही पसरत नाही. तरी आपले हात आखडतात. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानं उपचारातल्या भेदभावाला मनाई केली, पण घरातला संकोच कायद्यानं जात नाही. पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. सुधारणा नंतरही होते, पण सावकाश. ते दिवस आपल्या भीतीपायी गेले, तर किंमत त्या माणसाला मोजावी लागते.