पाण्याची उसळी : धरणाच्या पायथ्याशी आणि घरातल्या नळाखाली

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले जातात आणि ते दृश्य पाहण्यासाठी नांदेडकरांची रीघ लागते. अशा दरवाज्यांखालून सुटणारे पाणी प्रथम उथळ, तुळतुळीत व अतिवेगवान असते. मग ते एकाएकी उसळते, फेसाळते आणि पुढे खोल व संथ होऊन वाहू लागते. पाण्याच्या या अचानक चढणाऱ्या पायरीला अभियंते ‘हायड्रॉलिक जंप’, म्हणजेच जल-उसळी म्हणतात.

तिचे कारण साधे आहे. उथळ पाण्यावर तरंग एका मर्यादित वेगानेच सरकतो. प्रवाह त्याहून वेगाने धावत असेल, तर पुढच्या संथ पाण्याची वर्दी मागे पोहोचतच नाही. मागून येणारे पाणी त्याच्यावर आदळते आणि वर चढते. या घुसळणीत प्रवाहाचा जोर मोठ्या प्रमाणात जिरतो. तो जिरला नाही, तर नदीचे पात्र खरवडले जाऊन धरणाचा पायाच उघडा पडू शकतो. म्हणूनच धरणाच्या पायथ्याशी काँक्रीटचे कुंड बांधून उसळी त्यातच होईल अशी योजना करतात. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली स्थापन झालेल्या जलसंशोधन संस्थेत धरणांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून अशा रचना आधी पारखल्या जातात.

नळाखालचे वलय

हीच उसळी प्रत्येक घरात रोज घडते. नळाची धार पालथ्या ताटावर पडली की मध्यभागी पातळ पाण्याचे गोल चकते पसरते आणि त्याभोवती जाड काठाचे वलय उमटते. वलयाच्या आत बोट टेकवले तर पाणी पाचरीसारखे दुभंगते. बाहेर टेकवले तर तरंग सर्व बाजूंना पसरतात. आत प्रवाह वरचढ असतो, बाहेर तरंग.

लिओनार्दो दा विंचीने हे वलय पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवले होते. १९१४ मध्ये लॉर्ड रेले यांनी त्याची मांडणी गुरुत्वाकर्षणाच्या आधारे केली. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील राजेश भगत व सहकाऱ्यांनी तीच धार आडवी भिंतीवर आणि खालून वर छताकडेही सोडून पाहिली. वलय जवळपास तेवढेच उमटले. त्यावरून पातळ थरातील ही उसळी गुरुत्वाकर्षणामुळे नव्हे, तर पृष्ठताणामुळे घडते, असे त्यांनी मांडले. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. नदीतल्या मोठ्या उसळीचे सूत्र मात्र निर्विवादपणे गुरुत्वाकर्षणाच्याच हाती असते.

शेजारी-शेजारी दोन धारा पडल्या, तर त्यांची वलये एकमेकांत सहज मिसळत नाहीत. धारा पुरेशा जवळ असल्यास दोन्ही पातळ थर समोरासमोर भिडतात आणि मध्ये पाण्याची पातळ भिंत उभी राहते. धारा समान असतील तर ती सरळ असते. एक जोरकस असेल तर दुबळ्या धारेकडे वाकते. तेलाच्या किंवा दुधाच्या टाक्या अनेक फवाऱ्यांनी धुताना म्हणूनच फवाऱ्यांतील अंतराला महत्त्व असते.

लातूरच्या दृष्टीने

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. पुढे अशा कित्येक फेऱ्या झाल्या. पाणी वाघिणींतून मोजून आणावे लागलेल्या शहराला नळाखालचे हे वलय नुसती गंमत वाटणार नाही. वलयाच्या आत पाणी पृष्ठभागाला घासून धावते, तिथेच मळ झपाट्याने सुटतो. बाहेरचे पाणी जाड पण मंद असते, ते मळ वाहून नेते, पण फारसे घासत नाही. नळ मोठा केला की वलय वाढते. पण ते भांड्याच्या काठापर्यंत पोहोचल्यावर सोडलेले जादा पाणी बहुतांशी मोरीत जाते. लहान वाटीला बारीक धार पुरते. मोठ्या परातीला धार वाढवण्यापेक्षा परात धारेखाली फिरवणे सोयीचे.

पाणी गाळून व बेताने वापरण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यानपिढ्या आहे, तिथे हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. व्यापारी ज्या डोळ्याने तराजूचा काटा पाहतो, त्याच डोळ्याने हे वलय पाहावे, एवढेच.