बर्फाच्या माळावर वाट दाखवणारा काटा

तिफण चालवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पेरणी ज्या तासाने झाली, त्याच तासाने पुढे कोळपे चालले पाहिजे. कोळपे चार बोटे बाजूला सरकले, की तण राहते आणि पीक कापले जाते. आज ज्या विमानांची माहिती सांगणार आहे, त्यांचीही अडचण हीच आहे. फरक एवढाच, की त्यांच्या रानात बांध नाही, झाड नाही, आणि गेल्या खेपेच्या तासाची खूणही उरत नाही.

ग्रीनलंड या उत्तरेकडील बेटावर बर्फाचा प्रचंड थर आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठा, आणि मध्यभागी त्याची जाडी तीन किलोमीटरांहून अधिक. हा थर वाढतो आहे की झिजतो आहे? हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेची विमाने १९९३ पासून त्यावरून मोजणी करू लागली. विमान बर्फावरून सुमारे ५०० मीटर उंचीने जाते. त्याच्या पोटातून लेसर प्रकाशाचे हजारो ठिपके दर सेकंदाला खाली पडतात. ठिपका बर्फावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते, आणि अंतरावरून बर्फाच्या पृष्ठाची उंची. ठिपके गोल गोल फिरवलेले असल्यामुळे सुमारे अडीचशे मीटर रुंदीचा पट्टा मोजून होतो.

आता खरी मेख पाहा. काही वर्षांनी विमान पुन्हा येते तेव्हा त्याला त्याच पट्ट्यावरून जायला हवे. बर्फाला शंभरात एक इतकाच उतार आहे असे धरा. विमान शंभर मीटर उताराकडे सरकले, की उंची एक मीटरने कमी भरणार. मग बर्फ एक मीटर वितळला म्हणायचे, की विमान वाट चुकले म्हणायचे? दोन्ही खेपांचे पट्टे एकमेकांवर पडले, तरच जागेला जागा लावून ताळा घेता येतो.

पण वाट धरून राहणे सोपे नाही. खाली सगळे पांढरे. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई भरवशाची नाही. वारा बाजूने ढकलतो. विमानाचा वेग ताशी ४६० किलोमीटर धरला आणि दिशा फक्त एक अंशाने चुकली, तर पंधरा किलोमीटर गेल्यावर विमान २६० मीटर बाजूला जाते. म्हणजे दोन मिनिटांत सारा पट्टा हातचा गेला! शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे.

यावर उपाय निघाला तो जीपीएसच्या उपग्रहांमुळे. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की विमानाची जागा कळते. संगणकात ठरलेली रेघ आधीच भरून ठेवलेली असते. आपण रेघेच्या डावीकडे आहोत की उजवीकडे आणि किती मीटर, हे तो सतत काढत राहतो. प्रश्न राहतो तो हे वैमानिकाला सांगायचे कसे. पुढे डोंगर आहे, ढग आहे. आकड्यांचे कोष्टक वाचायला त्याला उसंत कुठली?

म्हणून नवी माहिती जुन्याच तबकडीत आणली. धुक्यात धावपट्टीवर उतरताना वैमानिक एका उभ्या काट्याकडे पाहत असतो. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर हा काटा हलतो. काटा मधोमध असेल तर विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत. काटा डावीकडे गेला, तर विमानही डावीकडे न्यायचे. संगणक तसाच संकेत स्वतः तयार करून काट्याला पुरवतो. खाली धावपट्टी नाही, तरी काटा जणू धावपट्टी दाखवतो! हाच संकेत ऑटोपायलटला, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्राला दिला, की तेही निमूटपणे रेघ धरते. जोडीला दुसऱ्या पडद्यावर नकाशा असतो. आलो कुठून, पुढचे वळण किती दूर, हे त्यावर दिसते.

मात्र काट्यामागे धावूनही चालत नाही, बरे का. विमान दहा अंश कलले, की लेसरचा पट्टा खाली जवळजवळ ९० मीटर सरकतो. म्हणून दुरुस्ती हलक्या हाताने करायची. दोन्ही खेपांना विमान रेघेपासून ५० मीटरच्या आत राहिले, तर एक खेप डावीकडे आणि दुसरी उजवीकडे गेली तरी दीडशे मीटर पट्टा सामाईक उरतो. तेवढा पुरे.

या चिकाटीचे फळ काय? १९९३-९४ च्या रेघांवरून १९९८-९९ मध्ये पुन्हा मोजणी झाली. विल्यम क्रॅबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली निष्कर्ष मांडला, की बर्फाचा उंच मध्यभाग जवळपास स्थिर आहे. पण किनाऱ्याकडचा बर्फ झिजतो आहे, आणि काही ठिकाणी वर्षाला एक मीटरहून अधिक. पुढे बर्फ मोजणारा एक उपग्रह २००९ साली बंद पडला, आणि त्याच्या जागी दुसरा गेला तो २०१८ साली. मधला खंड भरून काढायला २००९ ते २०१९ या काळात विमानांनी 'आइसब्रिज' नावाची मोहीम चालवली.

तिकडच्या बर्फाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. समुद्र सगळा एकच आहे, मंडळी. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सरासरी सात मीटरांच्या वर चढेल. तसे उद्या होणार नाही, शतकानुशतके लागतील. पण थोड्याशा चढीनेही उधाणाचे पाणी अधिक आत शिरते. खारभूमीचा बंधारा सांभाळणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला वीतभर पाण्याची किंमत सांगायला नको. बंधारा किती उंच बांधायचा हे ठरवताना लागणारा एक आकडा दूरच्या बर्फावरून येतो. आणि तो आकडा खरा ठरतो, कारण कुणीतरी तासन्‌तास तो काटा मधोमध धरून ठेवलेला असतो.