बिनजोडणीच्या तारेची करामत

गच्चीवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवायचा आणि खाली ओरडायचं, "आलं का चित्र?" खालून उत्तर यायचं, "मुंग्याच आहेत, अजून थोडा डावीकडे!" १९८०च्या दशकात हा खेळ सोलापुरातल्या कितीतरी घरांनी खेळला. तो अँटेना जरा आठवून पाहा. एका आडव्या दांडीवर ॲल्युमिनियमच्या चार-पाच कांड्या. टीव्हीची वायर मात्र त्यांतल्या एकाच कांडीला जोडलेली. मग बाकीच्या कशासाठी? कावळ्यांना बसायला, असं आमच्या शेजारचे काका म्हणत.

त्या न जोडलेल्या कांड्यांची कल्पना जपानमधली. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ती मांडली. ज्यांचे कान संगीताला सरावलेले आहेत त्यांना ती चटकन कळेल. सतारीला किंवा सारंगीला तरफेच्या तारा असतात. वादक त्यांना हात लावत नाही, पण मुख्य तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. अँटेनाच्या शेजारी योग्य लांबीची तार उभी केली की तिच्यातही असाच प्रवाह उमटतो आणि ती स्वतः लहरी सोडू लागते. ती थोडी लांब ठेवली तर तिचा प्रवाह किंचित मागे पडतो. परिणामी तिच्या पाठीमागच्या बाजूला दोघींच्या लहरी एकमेकींना मारतात आणि पुढच्या बाजूला भर घालतात. हा झाला रिफ्लेक्टर. तार थोडी आखूड ठेवली तर उलट होतं, जोर तिच्याच दिशेला जातो. तो डायरेक्टर. इंग्रजीत अशा तारांना चक्क 'पॅरासाइट' म्हणतात, म्हणजे बांडगूळ. मला हे नाव पटत नाही. बांडगुळानं आंब्याला कधी जास्त मोहोर आणल्याचं ऐकिवात नाही.

आम्ही हौशी रेडिओचालक, म्हणजे 'हॅम'. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन जगाशी बोलणारी मंडळी. टीव्हीच्या कांड्या हातभर असत, कारण त्या लहरी आखूड. आमच्या खालच्या पट्ट्यांवर लहरच ४० किंवा ८० मीटर लांब. दिवसा या पट्ट्यांवर दूरचं काही मिळत नाही, कारण वातावरणातला खालचा थर लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि युरोप, जपान, आफ्रिका कानाशी येतात. त्यासाठी लहरी क्षितिजालगत निघायला हव्यात, आणि ते काम उभा अँटेना चांगलं करतो. तो लहरीच्या पाव लांबीचा असला की पुरतो. ४० मीटरच्या पट्ट्यासाठी म्हणजे सुमारे १० मीटर उंच, साधारण ३३ फूट. पण हा बिचारा चारी दिशांना सारखंच वाटतो. माझ्याकडे १०० वॉट, पूर्वीच्या एका पिवळ्या दिव्याइतकी शक्ती. युरोपशी बोलताना त्यातला निम्म्याहून अधिक भाग हिंदी महासागराकडे वाया जातो. शिवाय ऐकताना शहराच्या बाजूचा सगळा खरखराट कानात येतो. यंत्रमागांच्या मोटारी, इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, सगळे हजर.

म्हणून शहराबाहेरच्या एका स्नेह्यांच्या शेतात मी खांबापासून सुमारे ६ मीटरवर, आग्नेयेला, बांबूला एक तार बांधली. खांबापेक्षा साधारण अर्धा मीटर लांब. वायव्येला, म्हणजे युरोपकडे, आवाज वाढायला हवा होता. पुस्तकी हिशेबानं अशी एक तार जवळपास दुप्पट शक्तीचा परिणाम देते आणि पाठीमागचा आवाज दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली आणते. माझ्याकडे काहीच झालं नाही. युरोपची मंडळी म्हणाली, "पूर्वी होता तसाच आहेस, कदाचित जरा कमीच."

चूक तारेत नव्हती, जमिनीत होती. उभ्या अँटेनाचा अर्धा भाग हवेत असतो आणि उरलेला अर्धा जमिनीनं पुरवायचा असतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खाली कोरडा मुरूम. अशा जमिनीत वीज उष्णता होऊन जिरते. पाव लहरीच्या खांबाचा लहरी सोडण्याचा रोध सुमारे ३६ ओहम. जमिनीचाही तेवढाच असेल तर निम्मी शक्ती मातीत. आता शेजारी बिनजोडणीची तार आली की ३६चे २० होऊ शकतात. जमिनीचे ३६ तसेच राहतात. म्हणजे हवेत जाणारा वाटा निम्म्यावरून जेमतेम ३६ टक्क्यांवर येतो. तारेनं एका हातानं दिलं आणि जमिनीनं दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

यावर उपाय जुना आहे. खांबाच्या बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा जमिनीवर पसरायच्या. त्यांना आम्ही रेडियल म्हणतो. अमेरिकेत ब्राऊन, लुईस आणि एप्स्टीन यांनी १९३७ मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली. प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्यांभोवती १२० तारा पुरण्याची प्रथा तिथून रुजली. हौशी माणसाला तीसेक पुरतात. माझ्याकडे चारच होत्या, आणि त्यांतल्या दोन नांगरटीत तुटल्या होत्या. बिनजोडणीच्या तारेच्या बुंध्याशी तर एकही नव्हती. तिलाही रेडियल लागतात, हे नवखे हमखास विसरतात. मीही विसरलो.

इथे एक चकवा आहे. केबल ५० ओहमची असते. खांबाचे ३६ आणि खराब जमिनीचे १४ मिळून बरोबर ५० होतात. मीटर 'उत्तम' दाखवतो, माणूस खूश होतो. रेडियल वाढवत गेलं की मीटर बिघडल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात अँटेना सुधारत असतो. मीटरची ही नाराजी केबलच्या तोंडाशी जुळणी करून दूर करता येते. म्हणून आधी एकट्या खांबाखाली रेडियल वाढवा, दर वेळी रोध मोजा, आकडा खाली यायचा थांबला की थांबा. बिनजोडणीची तार त्यानंतर.

मी तेच केलं. दोन रविवार आणि बरीच तांब्याची तार खर्ची पडली. मग चार दिशांना चार तारा लावल्या, प्रत्येकीच्या बुंध्याशी एक रिले. जोडणी उघडली की ती तार जणू नसल्यासारखी होते. घरात बसून बटण दाबलं की दिशा बदलते, गच्चीवर चढून ओरडावं लागत नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. "भूकंप झाला तर याचा उपयोग होईल ना?" असं लोक विचारतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा हादरा सोलापूरकर विसरलेले नाहीत, आणि त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला हातभार लावला होता. पण किल्लारी इथून हवाई अंतरानं १०० किलोमीटरच्या आत. उभा अँटेना डोक्यावर, आकाशाच्या दिशेनं जवळजवळ काहीच सोडत नाही, त्यामुळे त्याच्या लहरी जवळच्या गावांवरून उडून पुढे जातात. शेजारच्या जिल्ह्याशी बोलायला जमिनीपासून पाच-सहा मीटरवर ताणलेली साधी आडवी तार केव्हाही सरस. ती मी दोन कडुनिंबांमध्ये बांधून ठेवली आहे आणि आठवड्यातून एकदा तिच्यावर बोलून पाहतो.

वळवाचे दिवस आले की मात्र दोन्हींच्या केबल काढून घराबाहेर ठेवतो. रेडियलच्या कडेनं आता चुन्याची रेघ मारली आहे, नांगरणाऱ्याला दिसावी म्हणून.