जड मन, दुखरं मन

जर्मन भाषेत खिन्नतेसाठी एका शब्दावर भागत नाही. त्यातल्या दोन शब्दांत माझा जीव अडकलाय: श्वेअरमूट आणि वेमूट. दोन्हींच्या शेवटी 'मूट' आहे. आज त्याचा अर्थ धैर्य, पण जुना अर्थ मन, चित्तवृत्ती. 'श्वेअर' म्हणजे जड. मन जड होणं, अगदी आपण म्हणतो तसंच! हे ओझं लवकर उतरत नाही. 'वे' म्हणजे दुखणं. वेमूट मात्र हळुवार. जुना फोटो हाती लागला की सरलेल्या सुखाची जी गोडसर कळ उठते, ती वेमूट. आपली 'हुरहूर' त्याच्या जवळ जाते, पण हुरहूर पुढच्या गोष्टीचीही लागते. वेमूटची मान मागेच वळलेली.

हाच 'वे' 'हाइमवे'मध्ये आहे: घराच्या ओढीचं दुखणं. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर या तरुणाने वैद्यकीय प्रबंधात त्यासाठी ग्रीक नाव घडवलं. नोस्टोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द असा जन्मला, एका आजाराचं नाव म्हणून! आणि होफरच्या मते खरा इलाज कोणता? रुग्णाला घरी पाठवणं. मला हे फार भावतं.

उलट दिशेचा शब्दही आहे, 'फेर्नवे': न पाहिलेल्या दूरदेशांसाठी जीव तुटणं.

आणि 'वेल्टश्मेर्त्स', म्हणजे जगदुःख, हा शब्द लेखक जाँ पाउल यांचा. जग असायला हवं तसं नाही, याची ती ठसठस. मराठीत तुम्ही याला काय म्हणाल?