वाघ समोर बसला पाहिजे

अमरावतीहून मोर्शीच्या अंगाने सातपुड्यात शिरले की महाराष्ट्राची हद्द संपते आणि बैतूल जिल्ह्यातले धारूळ गाव लागते. २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गवेडे सोबती पद्माकर लाड, प्रदीप हिरुरकर, शिरीषकुमार पाटील, ज्ञानेश्वर दमाहे व मनोहर खोडे या डोंगरात हिंडत होते. तिथे अंबादेवीच्या परिसरातल्या शैलाश्रयांच्या भिंतींवर त्यांना चित्रे दिसली. इंगोले मूळचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. पण त्या दिवसानंतर ही मंडळी वर्षानुवर्षे तोच डोंगर चढत राहिली आणि एकामागून एक चित्रित शैलाश्रय उजेडात आले.

त्या भिंतींवर हत्ती आहेत, हरणे आहेत, आणि मांजरकुळातली मोठी जनावरेही आहेत. रेषा मोजक्याच. पाठीचा बाक, पोटाचा ताण, शेपटीची उचल, एवढ्यावर जनावर उभे राहते. हे काढणाऱ्याने वाघ रोज पाहिला होता, कधी दुरून तर कधी नको इतक्या जवळून. काढताना मात्र वाघ समोर नव्हता. महाराष्ट्रातली शाळकरी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत ज्याला स्मरणचित्र म्हणतात, तेच हे काम.

वऱ्हाडाने वाघ-सिंहांना पुढेही सोडले नाही. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाज्यावर शार्दूल कोरलेले आहेत. पण तो गड राखणारा शार्दूल. प्रत्यक्ष जनावराशी त्याचे नाते पुसटच आहे. मेळघाटातल्या कोरकूंचा वाघ वेगळा. त्यांच्या भाषेत वाघ म्हणजे कुला, आणि त्याला ते मामा म्हणतात. नात्यातल्या माणसाचा चेहरा जसा ओळखीचा असतो, तशी ओळख या हाकेत आहे.

चित्रकाराला नेमकी हीच ओळख हवी असते, आणि जंगल ती सहसा देत नाही. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. तिथले डोंगर उभे, साग दाट. वाघ दिसलाच तर रस्ता ओलांडण्यापुरता. तेवढ्यात कॅमेरा चालतो, पेन्सिल चालत नाही. मग घरी येऊन फोटोवरून चित्र होते आणि तो वाघ कॅलेंडरवरच्या वाघासारखा दिसू लागतो. डोळे चमकदार, मिशा मोजून काढलेल्या, अंगात मात्र वजन नाही.

तासन् तास समोर राहतो तो सुटका करून आणलेला वाघ किंवा बिबट्या. वऱ्हाडात बिबट्या शेतातल्या उघड्या विहिरीत पडतो, तारेच्या फासात अडकतो, रस्त्यावर गाडीखाली येतो. बरा झाला तर त्याला परत रानात सोडतात. ज्याचा पाय वा सुळे गेले, किंवा जो माणसांवर चालून जाऊ लागला, त्याला उरलेले आयुष्य कुंपणाआड काढावे लागते. अशांसाठी नागपूरला गोरेवाड्याचे बचाव केंद्र २०१५ मध्ये उभे राहिले. ‘ई-१’ या वाघिणीची गोष्ट मेळघाटात अनेकांना आठवते. २०१९ च्या पावसाळ्यात तिला ब्रह्मपुरीकडून आणून मेळघाटात सोडले होते. तिथेही माणसांवर हल्ले झाले, म्हणून थोड्याच काळात पुन्हा पकडून तिची रवानगी गोरेवाड्याला झाली.

अशा जनावरासमोर रोज बसणाऱ्याचा हात हळूहळू बदलतो. आधी चुका सुटतात. वाघाची बाहुली घरच्या मांजरासारखी उभी फट होत नाही, ती गोलच राहते. जपानचे जुने चित्रकार आयात केलेल्या कातड्यांवरून आणि घरच्या मांजरांवरून वाघ काढत, त्यामुळे त्यांच्या वाघांच्या डोळ्यांत मांजर डोकावते. चालताना वाघाचे खांद्याचे फरे पाठीच्या रेषेच्या वर येतात, आळीपाळीने; फोटोत हे गोठते, समोर बसले की त्याची लय कळते. कानांमागे पांढरा ठिपका असतो. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, इतकेच काय, एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते.

कुंपणातले जनावर पुष्कळदा एकाच वाटेने येरझारा घालते. चित्रकाराची ती सोय, कारण तीच ढब पुन्हा पुन्हा समोर येते आणि अपुरी रेषा पुढच्या फेरीत पुरी करता येते. पण ती येरझार कोंडल्या जिवाची अस्वस्थता आहे. ज्याला हे जाणवले, त्याच्या चित्रात दिखाऊ डरकाळी उरत नाही. जखमेचा वण, झिजलेला सुळा, वयाने लोंबलेले पोट, हे सगळे तो लपवायचे सोडतो. शैली असते ती हीच: काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हे हाताला कळणे.

पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’ या बागेने हे एकोणिसाव्या शतकातच दाखवले. चित्रकार देलाक्रवा आणि शिल्पकार बारी तिथल्या पिंजऱ्यांपुढे बसत. तिथला सिंह मेल्याची बातमी देलाक्रवाने बारीला तातडीने कळवली, कारण आता स्नायू जवळून पाहता येणार होते.

पण वऱ्हाडी वाचकाला जवळचा वाटावा तो ऑन्री रूसो. हा पॅरिसच्या जकात नाक्यावरचा कर्मचारी, जन्म १८४४ चा. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही, फ्रान्सबाहेर कधी पाऊल नाही. जंगल म्हणून त्याने पाहिले ते त्या बागेतले काचघर. जनावरे पाहिली ती तिथल्या पिंजऱ्यांत आणि शेजारच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली. वादळातला वाघ त्याने १८९१ मध्ये रंगवला, नोकरीत असतानाच. १८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली आणि उरलेली वर्षे चित्रांना दिली. भुकेल्या सिंहाचे त्याचे मोठे चित्र १९०५ चे, म्हणजे साठी ओलांडल्यानंतरचे. लोक हसले. वादळातला तो वाघ आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

अमरावती-अकोल्यात निवृत्त शिक्षक, कारकून, बँकवाले पुष्कळ. त्यांतल्या अनेकांनी शाळेत चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिलेली असते आणि नंतर पेन्सिल ठेवून दिलेली असते. गोरेवाड्याच्या सफारीत बस थांबते ती पाहण्यापुरती, रेखाटण्यापुरती नव्हे. बचाव केंद्रात गर्दी नको, हे योग्यच आहे. रानात परतणाऱ्या जनावराला माणसाची सवय लागता कामा नये. पण जी जनावरे परतणार नाहीत, त्यांच्यासमोर आठवड्यातून एका सकाळी चार-दोन वयस्क माणसांना वही घेऊन गप्प बसू द्यावे. वनखात्याने याचा विचार करावा.

आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांनी परवानगीची वाट पाहू नये. जवळच्या प्राणिसंग्रहालयात जावे, मऊ पेन्सिल न्यावी, खोडरबर घरी ठेवावा. दुपारी वाघ-बिबटे झोपलेले असतात. पहिली वही झोपलेल्या जनावरांनीच भरावी.