फॉरमॅट मारताना लायसनचे पैसे पुन्हा देऊ नका

सख्यांनो, संघाच्या कार्यालयातला संगणक हँग व्हायला लागला की दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल. विंडोजच्या लायसनचे पैसे वेगळे." आपण मान हलवतो आणि पैसे संघाच्या खात्यातून जातात. पण बऱ्याचदा हा खर्च करावाच लागत नाही.

पुष्कळ संगणकांवर आधी विंडोज 7 किंवा 8 होतं, नंतर अपग्रेड करून 10 आलं. "अपग्रेडचं लायसन कोऱ्या डिस्कवर चालत नाही," असं कोणी सांगेल. पण विंडोज 10 त्या संगणकावर एकदा रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालं, की त्याची नोंद मायक्रोसॉफ्टकडे राहते. याला डिजिटल लायसन म्हणतात. घर पाडून त्याच जागेवर नवं बांधलं म्हणून जागा पुन्हा विकत घेतो का? तसंच हे. मदरबोर्ड मात्र बदलू नका. तो बदलला की विंडोजच्या लेखी संगणकच नवा.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. संगणक पात्र असेल तर विंडोज 11 च टाकून घ्या. 10 चं डिजिटल लायसन त्यालाही चालतं.

फॉरमॅट मारण्याआधी:

1. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'डिजिटल लायसन्स' लिहिलंय का आणि विंडोज होम आहे की प्रो, ते वहीत लिहून ठेवा.
2. कर्जाच्या नोंदी, ठराव, हिशोबाच्या फाइल, फोटो हे सगळं वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.
3. विंडोज टाकण्यासाठी किमान 8 जीबीचा दुसरा, रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यायला सांगा, ती मोफत असते.

विंडोज टाकताना की विचारली, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' या अर्थाचा इंग्रजी पर्याय निवडायचा. आधी होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रोच घ्यायचं. इथे चूक झाली तर लायसन ओळखलं जात नाही. मग इंटरनेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

कोणी "क्रॅक टाकून देतो, स्वस्तात होईल" म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. त्याच संगणकावर आपल्या गटांचे बँकेचे व्यवहार असतात.