छातीचा एक्स-रे सहा फुटांवरून का?

‘छाती प्लेटला टेकवा, हनुवटी वर, खांदे पुढे. मोठा श्वास घ्या… धरून ठेवा!’ तंत्रज्ञ हे सांगत असतो तेव्हा क्ष-किरणांची नळी आपल्या पाठीमागे, प्लेटपासून सहा फुटांवर, म्हणजे १८० सेंटिमीटरवर असते. हाताच्या किंवा पायाच्या एक्स-रेला साधारण १०० सेंटिमीटर पुरतात. मग छातीलाच एवढे अंतर कशाला?

क्ष-किरण निघतात नळीतल्या टंगस्टनवरच्या इवल्याशा जागेतून. तिला ‘फोकल स्पॉट’ म्हणतात. ही जागा निव्वळ बिंदू असती, तर कडा रेखीव उमटल्या असत्या. पण तिची रुंदी साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटर असते. तिच्या दोन टोकांकडून आलेले किरण एकच कड किंचित वेगवेगळ्या जागी उमटवतात आणि कड पुसट होते. हाताची सावलीही तशीच: भिंतीलगत ठसठशीत, हात दिव्याकडे सरकवला की मोठी आणि धूसर.

हा पुसटपणा मोजता येतो. फोकल स्पॉटच्या रुंदीला अवयव ते डिटेक्टर (म्हणजे प्लेट) या अंतराने गुणायचे आणि नळी ते अवयव या अंतराने भागायचे. फोकल स्पॉट १.२ मिलिमीटरचा आणि अवयव डिटेक्टरपासून १० सेंटिमीटरवर धरला, तर नळी डिटेक्टरपासून १०० सेंटिमीटरवर असताना कड ०.१३ मिलिमीटर पसरते. १८० वर नेली की ०.०७.

मग नळी आणखी लांब का नेत नाहीत? कारण किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १०० वरून १८० वर गेले, तर नळीतून सव्वातीनपट मारा लागतो. त्यासाठी वेळ वाढवला, तर हृदयाच्या ठोक्यानेच चित्र हलते.

प्लेटला छाती टेकवण्यामागे हृदय आहे. ते छातीत पुढच्या बाजूला असते, म्हणून ते प्लेटजवळ राहावे यासाठी किरण पाठीकडून सोडतात. अतिदक्षता विभागात मात्र प्लेट पाठीखाली, नळी समोर आणि बहुधा जवळ. समजा, १२ सेंटिमीटर रुंदीचे हृदय उभ्याने, प्लेटपासून ५ सेंटिमीटरवर असताना सुमारे १२.३ दिसले, तर खाटेवर, नळी १०० वर आणि हृदय प्लेटपासून १५ वर असताना तेच १४ च्या वर दिसेल. हृदय वाढलेले नाही, अंतरे बदलली आहेत. म्हणूनच खाटेवरच्या एक्स-रेवर ‘एपी’ (किरण समोरून पाठीकडे) अशी खूण करतात आणि उभ्याने काढलेल्या जुन्या एक्स-रेशी ताडताना डॉक्टर आधी ती खूण पाहतात.